‘४ वाचले’ म्हणजे नेमकं काय?

माझ्या एका वहीत नगर जिल्ह्यातल्या गावाच्या नावापुढे एवढंच लिहिलंय : ‘४ वाचले’. १८७६-७८ च्या दुष्काळावर टिपणं काढत होतो, तेव्हाची नोंद. आता तुम्हीच सांगा, ४ माणसं जगली की मी ४ कागद वाचले? मलाही आठवेना. मूळ पान पुन्हा शोधावं लागलं. तिथे छापलं होतं ‘वांचले’. म्हणजे माणसं! अनुस्वार मीच उडवला होता, शुद्धलेखन सुधारतोय अशा समजुतीने.

ही मुळात दोन वेगळी क्रियापदं. पुस्तक वाचणे संस्कृत ‘वच्’, ‘वाचा’ यांच्या कुळातलं. जीव वाचणे ‘वञ्च्’पासून आलेलं, हिंदी ‘बचना’चं भावंड. जुन्या छपाईत या दुसऱ्यावर अनुस्वार असायचा. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढले आणि दोघं दिसायला सारखी झाली. वाक्य पूर्ण असेल तर अडत नाही : ‘त्याने वाचलं’ आणि ‘तो वाचला’ यांत फरक कळतो. माझ्या नोंदीत कर्ताच नव्हता.

नुसत्या रूपावर विसंबलं की कसं फसायला होतं, याचं दुसरं उदाहरण मलाय-इंडोनेशियन भाषेत आहे. तिथलं ‘बाचा’ हे क्रियापद ऐकून आपल्याला ‘बचना’ आठवतं. पण ‘सुदा बाचा?’ म्हणजे ‘वाचलंस का?’ हा शब्द संस्कृतातून तिकडे गेला, तोही ‘वाचा’च्या कुळातून. ‘बाचा दोआ’ म्हणजे प्रार्थना म्हणणं. आपणही पोथी वाचतो ती मोठ्याने, चार जणांना ऐकू जाईल अशी. तेव्हा शब्द कशासारखा दिसतो यापेक्षा तो कुठे, कसा वापरलाय ते आधी बघा.

१८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक घ्या किंवा आणखी काही, उतरवताना मूळ लेखन जसंच्या तसं ठेवा. आजचं रूप हवंच असेल तर चौकटी कंसात, वेगळं. संगणकावर शोधताना ‘वाच’ आणि ‘वांच’ दोन्ही टाकून पाहा. आणि टिपणात कर्ता लिहा, कितीही घाई असली तरी.

माझ्या वहीत आता दुरुस्ती आहे : ‘४ माणसं वांचली’. त्यांची नावं त्या पानावर नव्हती. निदान ती माणसं होती, एवढं तरी नोंदीत राहिलं.