पाठ केलेला अर्ज

१८९९ साली न्यूझीलंडच्या संसदेने कायदा केला: ब्रिटिश किंवा आयरिश कुळात न जन्मलेल्याने इथे उतरताना युरोपातल्या एखाद्या भाषेत, स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा. आशियाई लोकांना उघडउघड अडवणारं १८९६ चं विधेयक लंडनला गैरसोयीचं वाटलं, राणीची संमती मिळाली नाही. मग वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीकडे बोट दाखवलं. तिथल्या १८९७ च्या कायद्यात रंगाचा उल्लेखच नव्हता, युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येतो का, असं विचारलं होतं. गांधीजी तेव्हा डर्बनमध्ये होते. त्या अर्जाविरुद्ध त्यांनी अर्ज केले.

न्यूझीलंडचा अर्ज ज्यावर बेतला, तो नाताळचा नमुना मी वाचलाय. पूर्ण नाव, गेल्या बारा महिन्यांतलं राहण्याचं ठिकाण, धंदा, जन्मगाव, जन्मसाल. बस! कुठलाही मास्तर आठवड्यात घोकून घेईल. न्यूझीलंडला येणारे बहुतेक नवसारी-सुरतेकडचे गुजराती आणि जालंधरकडचे पंजाबी, काही फिजीमार्गे. व्याकरण येवो न येवो, अर्ज पाठ करता येत होता. (तर्खडकरांचं पुस्तक घोकून इंग्रजी शिकलेल्या आपल्या आजोबांनी यात काही वावगं मानलं नसतं.) चिनी लोकांची गत वाईट: १०० पौंड डोईपट्टी, आणि १९०७ च्या कायद्याने वर १०० इंग्रजी शब्दांचं वाचन.

अर्ज पाठ करून माणसं आत येतात, हे अधिकाऱ्यांना खुपू लागलं. आत किती? १९१६ मध्ये सगळ्या देशात १८१ भारतीय, १९२१ च्या जनगणनेतही फक्त ६७१. तेवढ्यावरून १९२० मध्ये पंतप्रधान मॅसी यांच्या सरकारने परीक्षाच गुंडाळली. आता निघण्याआधी परवाना मागायचा, द्यायचा की नाही हे मंत्री ठरवणार, कारण सांगणार नाही. लोकांना इंग्रजी जमायला लागल्याबरोबर इंग्रजी पुरेसं राहिलं नाही. ब्रिटिश प्रजा असूनही आपण ‘ब्रिटिश जन्माचे’ नव्हतो.

इथली आमची मराठी मंडळी मुख्यतः स्थलांतरासाठीच्या १९९१ च्या गुणपद्धतीनंतरची. १९९५ मध्ये पुन्हा इंग्रजी आडवं आलं: जोडीदाराची परीक्षा झालेली नसेल तर २०,००० डॉलर अनामत, ठरल्या मुदतीत पास झालात तर परत. १९९८ मध्ये ती अट गेली. त्याआधी आलेल्या एका वहिनींनी रुपयांत हिशेब करून पाहिला आणि रात्र रात्र अभ्यास केला. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम. होत्या त्या!

आता शनिवारी इथल्या लोअर हट शहरातल्या वाचनालयात आम्ही दोघी नव्या मुलांचे नोकरीचे अर्ज तपासतो. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘डू द नीडफुल’ खोडायचं काम माझं. साहेबाला पहिल्या नावाने ‘हाय’ लिहायचं, हे मुलांच्या पचनी पडत नाही. वहिनींकडे अपॉस्ट्रॉफी आणि स्पेलिंग. ‘लेबर’मधला यू राहिला की त्या पेन्सिल आपटतात.