कोयलीची ज्योत आणि तेलाचे स्वातंत्र्य

बडोद्यातील जुन्या वाड्यांच्या गच्चीवरून रात्री वायव्येकडे पाहिले, की क्षितिजावर तांबूस उजेड दिसे. तो कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या ज्योतीचा. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी तिकडे बोट दाखवून ‘ते आपले तेल’ असे अभिमानाने सांगत. त्या ‘आपले’ या शब्दाचा नेमका अर्थ आम्हांस बऱ्याच उशिरा कळला. तोच येथे मांडण्याचा विचार आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीला खनिज तेल माहीत होते ते कंदिलातले. त्याची घासलेट आणि रॉकेल ही दोन्ही नावे परदेशी मालाबरोबर आपल्या भाषेत आली. आसामात दिग्बोई येथे 1889 साली तेल लागले होते व 1901 पासून तेथे शुद्धीकरणही होत होते. तथापि स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातील वार्षिक उत्पादन सुमारे अडीच लाख टनच होते. बाकी सारे तेल परदेशी कंपन्यांच्या हातून येई. 1954 ते 1957 या काळात मुंबईजवळ ट्रॉम्बेला दोन आणि विशाखापट्टणमला एक असे तीन कारखाने उभे राहिले, तेही स्टॅनव्हॅक, बर्मा-शेल आणि कालटेक्स या कंपन्यांचे. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, असे आश्वासन सरकारने त्यांना दिले होते. कच्चे तेल त्या आपल्याच मूळ कंपन्यांकडून घेत. तयार मालाची किंमत तर तो परदेशातूनच आणला आहे असे धरून ठरे. कारखाने आपल्या भूमीवर होते, पण भाव दुसऱ्यांच्या वहीत लिहिला जात होता.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रामुख्याने केशवदेव मालवीय यांच्याकडे जाते. भारतात फारसे तेल नाही, अशी परदेशी कंपन्यांची धारणा होती. मालवीय यांनी ती मानली नाही. त्यांच्या पुढाकाराने 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांचे साह्य मिळाले. 1958 साली खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि 14 मे 1960 रोजी अंकलेश्वरला. त्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. वाचकांनी ही तारीख लक्षात घ्यावी. 1 मे रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन बडोद्याची मराठी कुटुंबे गुजरात राज्याची रहिवासी झाली होती. पंधरवडा उलटण्यापूर्वीच या नव्या राज्याच्या भूमीतून तेल वर आले.

परंतु आमच्या मते 1960 सालची खरी निर्णायक घटना विहिरीच्या तोंडाशी घडली नाही. ती घडली कचेरीतील मेजावर. त्या वर्षी सोव्हिएत संघाने कंपन्यांच्या दरापेक्षा बरेच स्वस्त कच्चे तेल देऊ केले. सरकारने तिन्ही कंपन्यांना ते शुद्ध करून देण्यास सांगितले. मूळ कंपन्यांशी झालेल्या करारांचे कारण पुढे करून त्यांनी नकार दिला. मात्र एवढ्या प्रस्तावानेच त्यांना आपल्या कच्च्या तेलाच्या किमतीत सूट द्यावी लागली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत डिझेल घेऊन जहाज मुंबई बंदरात लागले आणि आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या सरकारी इंडियन ऑइल कंपनीने ते विक्रीस घेतले. पुढे के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तेलाच्या किमतींची छाननी करून 1961 साली अहवाल दिला. किमतीची फोड मागण्याचा अधिकार सरकारने प्रथमच खऱ्या अर्थाने बजावला.

नेहरूंनी 1963 साली कोयलीची कोनशिला बसवली. 1965 साली कारखाना सुरू झाला आणि 1966 साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. प्रारंभीची क्षमता वर्षाला वीस लाख टन होती. मागोमाग खतांचे व रसायनांचे कारखाने आले आणि पेन्शनरांचे शांत बडोदे पाहता पाहता उद्योगनगरी झाले.

तरीही 1973 सालच्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला, तेव्हा कोयलीची ज्योत दिसणाऱ्या आमच्या गल्लीतही रॉकेलसाठी रांगा लागल्या. हातात डबा आणि शिधापत्रिका घेऊन आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो आहोत. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. 1976 साली तेथून उत्पादन सुरू झाले. याच सुमारास तिन्ही परदेशी कंपन्याही सरकारच्या ताब्यात आल्या. 1984-85 साली देशाचे उत्पादन 2 कोटी 90 लाख टनांवर पोहोचले आणि गरजेचा सुमारे सत्तर टक्के भाग घरच्या तेलाने भागू लागला.

या यशाची दुसरी बाजू आम्ही महसूल खात्यात असताना पाहिली. तेलविहिरीसाठी घ्यायच्या एका शेताच्या मोजणीला गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “साहेब, जमीन माझी, मग खालचे तेल कुणाचे?” भूगर्भातील तेल राष्ट्राचे, असे कायद्याचे उत्तर आम्ही दिले. ते बरोबर होते, पण त्यांचे समाधान झाले नाही. मोबदल्याचे कागद वेळेवर निघाले नाहीत, याची खंत आजही आहे. आपले तेल म्हणताना या माणसाला आपल्यातून वगळून चालणार नाही.

आज आकडे काय सांगतात? 2023-24 सालचे उत्पादन सुमारे 2 कोटी 90 लाख टनच होते, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीइतकेच. तेव्हाचा खप चार कोटी टनांच्या आत होता, तो आता तेवीस कोटींच्या वर गेला. कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील खडकांत कोरलेल्या भुयारांत 53 लाख टनांचा राखीव साठा करता येतो, पण 2019-20 च्या खपाच्या मानाने तो जेमतेम साडेनऊ दिवसांचा. साठ्यालाच स्वातंत्र्य म्हणायचे, तर आपण ते गमावले आहे.

पण 2022 नंतर रशियाचे तेल सवलतीत मिळू लागले, तेव्हा ते घेण्याचा निर्णय आपण केला आणि ते आपल्याच कारखान्यांत शुद्ध केले. 1960 साली नेमके हेच करता आले नव्हते, कारण कारखाने दुसऱ्यांचे होते. म्हणून आम्हांस वाटते, ‘आपले तेल’ म्हणणाऱ्या वडिलांचा अभिमान खोटा नव्हता. मात्र त्याचा आधार जमिनीखालच्या तेलापेक्षा ते शोधण्याच्या, शुद्ध करण्याच्या आणि भाव विचारण्याच्या सामर्थ्यात होता. विहिरी आटतात. सामर्थ्य टिकवायचे, तर प्रत्येक पिढीला ते नव्याने कमवावे लागते. उद्या ते सूर्य-वाऱ्याच्या विजेत कमवावे लागेल. खप आवरणे हाही त्याचाच एक भाग असेल आणि त्याची सुरुवात आपापल्या घरापासून करता येईल.