पार्श्वभूमी वजा करताना

टेहळणी कॅमेऱ्याच्या चित्रणातील हलती वस्तू किंवा दृश्यातला बदल संगणकाने हेरायचा, तर न बदलणारे दृश्य कोणते हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. या विद्येचा इतिहास बराचसा या एका अडचणीभोवती फिरतो.

कॅमेरे मात्र संगणकाच्या आधी आले. जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-2 अग्निबाणांची उड्डाणे सुरक्षित अंतरावरून पाहता यावीत म्हणून 1942 मध्ये वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने बंदिस्त दूरचित्रवाणी उभारली. पुढे बँका, दुकाने, रेल्वे स्थानके येथे कॅमेरे लागले आणि पडद्यासमोर माणूस बसला. माणूस या कामाला फारसा लायक नाही. शाळांच्या सुरक्षेविषयी 1999 मध्ये निघालेल्या एका अमेरिकी सरकारी अहवालात नोंद आहे, की पडदे न्याहाळू लागल्यावर अवघ्या वीस मिनिटांत बहुतेकांचे लक्ष कामास येण्याजोगे उरत नाही.

यंत्राला पाहायला शिकवण्याचे प्रयत्न तोवर जुने झाले होते. 1966 मध्ये एमआयटीत सेमूर पॅपर्ट यांनी विद्यार्थ्यांसाठी एक उन्हाळी प्रकल्प आखला. चित्राचे तुकडे पाडून वस्तू कोणती आणि पार्श्वभूमी कोणती हे संगणकाने सांगावे, अशी अपेक्षा होती. एका उन्हाळ्यात उरकण्यासारखे ते काम नव्हते.

स्थिर कॅमेऱ्याने ते सोपे केले. कॅमेरा हलत नसेल, तर दोन फ्रेममधील प्रत्येक पिक्सेलची वजाबाकी करावी. उत्तर मोठे आले, तेथे काहीतरी हलले. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश जैन आणि हॅम्बुर्गचे हान्स-हेल्मुट नागेल यांनी 1979 मध्ये ही कल्पना पुढे नेली. एका आधारचित्राशी पुढची प्रत्येक फ्रेम ताडून पाहायची आणि कोणत्या पिक्सेलवर किती वेळा फरक पडला, याची बेरीज ठेवत जायची. गाडी मूळ जागेवरून पूर्ण सरकली, की तिच्याखाली दडलेला रस्ता उघडा पडतो आणि रिकाम्या रस्त्याचे चित्र हळूहळू जुळते. रस्ता कधीच रिकामा मिळत नाही अशा शहरांसाठी ही युक्ती मोलाची होती.

पण रस्ता रिकामा असला तरी स्थिर नसतो. ढग येतो, सावली सरकते, फांदी डुलते. 1997 मध्ये एमआयटीच्याच ‘पीफाइंडर’ या प्रणालीने प्रत्येक पिक्सेलसाठी एक सरासरी आणि तिच्याभोवतीचा चढउतार नोंदवला. खोलीत हे चालले, झाडाखाली नाही. डुलत्या फांदीमागचा पिक्सेल क्षणात पान असतो, क्षणात आकाश, आणि या दोहोंच्या सरासरीचा रंग तेथे कधीच नसतो. ख्रिस स्टॉफर व एरिक ग्रिमसन यांनी 1999 मध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन ते पाच पर्यायी रंगवितरणे दिली. जी वारंवार आणि स्थिरपणे येतात ती पार्श्वभूमी. नव्या निरीक्षणागणिक हिशेब बदलत राहतो. पाऊस आणि बर्फ झेलत ही प्रणाली 16 महिने जवळजवळ अखंड चालल्याचे त्यांनी नोंदवले. या क्षेत्रातील इतकी टिकाऊ कल्पना दुसरी क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘वॉलफ्लॉवर’ या कामातून तिच्या मर्यादाही दाखवल्या. खोलीतला दिवा लावला, की जवळजवळ सगळे पिक्सेल एकदम बदलतात आणि सुटा पिक्सेल पाहणाऱ्या यंत्राला सगळी खोलीच घुसखोर वाटते. अशा वेळी संपूर्ण फ्रेम पाहून ‘दृश्यच बदलले’ असा निर्णय घ्यावा लागतो. कॅमेऱ्यावर कापड टाकले किंवा त्याचे तोंड फिरवले, तर तेही अशाच तपासणीतून कळते.

बेवारस बॅगेने वेगळाच पेच टाकला. शिकत राहणारी पार्श्वभूमी स्थिर बॅगेला काही वेळाने आपल्यात सामावून घेते, म्हणजे नेमकी धोक्याची वस्तूच अदृश्य होते. त्यावर दोन पार्श्वभूमी ठेवण्याचा तोडगा निघाला, एक लवकर शिकणारी, दुसरी सावकाश. पहिलीत मुरलेली पण दुसरीत अजून उपरी असलेली वस्तू संशयास्पद. 2006 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात मुद्दाम सामान सोडून घेतलेल्या चित्रणावर अशा पद्धतींची कसोटी झाली.

हलले ते काय, हा प्रश्न वेगळा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 1997 पासूनच्या एका प्रकल्पात कार्नेगी मेलन विद्यापीठाने माणूस, माणसांचा घोळका आणि वाहन एवढा भेद साधला. 2005 मध्ये नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी कडांच्या दिशांवरून उभा माणूस ओळखण्याची पद्धत दिली. त्यासाठी वजाबाकीची गरजच उरली नाही. 2016 मधील ‘योलो’ हे न्यूरल नेटवर्क एका सेकंदात 45 फ्रेममधील वस्तू ओळखू लागले. त्याचे कर्ते जोसेफ रेडमन यांनी लष्करी वापर आणि खासगीपणाची चिंता यांकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाल्याचे सांगून या विषयातले संशोधन थांबवल्याचे 2020 मध्ये जाहीर केले.

मुंबईत 26/11 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मागणी झालेले शहरव्यापी कॅमेऱ्यांचे जाळे 2016 मध्ये सुरू झाले. हजारो कॅमेऱ्यांच्या प्रत्येक फ्रेमवर न्यूरल नेटवर्क चालवणे कुठेही महागच पडते. म्हणून स्थिर कॅमेऱ्यांच्या अनेक यंत्रणा आजही आधी साधी वजाबाकी करतात आणि फरक आढळला तरच ओळखीचे जड काम हाती घेतात.