मण्यांची उशी आणि पोलादी पूल

आमच्या दख्खनी मुसलमान घरांत नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा घालतात. शेजारच्या घरातली काळी पोत आणि हा लच्छा, दोन्हींचे मणी एकाच दुकानातले. गळा बदलला की नाव बदलतं. मोहॉक बायकांच्या मणिकामाविषयी वाचताना हेच मनात येत राहिलं.

कॅनडात माँट्रिअलसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी कानावाके हे मोहॉक आदिवासींचं गाव आहे. पूर्वी त्यांची नक्षी शिंपल्यांच्या मण्यांची, साळिंदराच्या काट्यांची असे. मग गोऱ्यांबरोबर व्हेनिसचे, बोहेमियाचे काचमणी आले. एकोणिसाव्या शतकात बायका मखमलीवर त्यांचं भरतकाम करू लागल्या. खाली कागदाची आकृती ठेवायची आणि जागेपेक्षा जास्त मणी ओवून टाका घालायचा, म्हणजे पाकळी फुगून वर येते. आत भुसा भरला की टाचण्या खोचायची उशी तयार! नायगारा पाहायला आलेले प्रवासी अशा उश्या हौसेनं घरी नेत. म्हणूनच जाणकारांनी हे काम बराच काळ 'बाजारी' ठरवून बाजूला ठेवलं. मला हा न्याय पटत नाही. पैठणी काय विणकरानं स्वतःच्या कपाटासाठी विणली होती?

१८८६ मध्ये नदीवर रेल्वेचा पूल होऊ लागला आणि कानावाकेचे पुरुष उंच पोलादी तुळयांवर काम करायला शिकले. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेकजवळचा अर्धवट पूल कोसळला. त्यात एकट्या या गावचे ३३ जण गेले. अशा गावात सुईची कमाई ही हौस नसते.

पुढे हेच लोक न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभारायला गेले. ब्रुकलिनच्या गोवानस भागात त्यांनी बिऱ्हाडं केली. तिथले वाणी त्यांच्या भाकरीसाठी मक्याचं पीठ ठेवू लागले. नवरा दिवसभर आभाळात, आणि घरात बायको बाहुल्या, पिशव्या, पट्टे मण्यांनी सजवते आहे. नक्षी जुन्याच वळणाची. हा माल आसपासच्या जत्रांत विकला जाई. शहरातल्या मुलांना आपलं गाव बरंचसं आईच्या मांडीवरच्या त्या कापडातच दिसलं असेल.

१९६०च्या दशकात नवा महामार्ग झाला. पुरुष शुक्रवारी काम आटोपून गाडीनं रातोरात गावी पोचू लागले, आणि ब्रुकलिनची बिऱ्हाडं हळूहळू उठली. कानावाकेत आजही काही जणी मखमल घेऊन बसतात. जागेपेक्षा चार मणी जास्तच ओवतात.