पाव सोडणारा बँटिंग

रोज सकाळी मी कोबीचं पान उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरते, देठाची जाड शीर सुरीने तासते आणि काकडी, पनीर, हिरवी चटणी भरून घट्ट गुंडाळते. मधुमेह झाल्यापासून माझं सँडविच हेच. ते खाताना विल्यम बँटिंग हटकून आठवतो. लंडनचा हा गृहस्थ राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा. १८६२ साली वय ६६, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. बुटांच्या नाड्या बांधता येईनात, जिना पाठमोरा उतरावा लागे. वजन उतरावं म्हणून नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली! शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो डॉ. विल्यम हार्वेंकडे गेला. हार्वेंनी पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नारची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी पाव, साखर, बिअर, बटाटे बंद केले. कोरड्या टोस्टचा जेमतेम एक तुकडा राहू दिला. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये बँटिंगने या अनुभवावर स्वखर्चाने पुस्तिका छापून लोकांना फुकट वाटली. आपलं दुखणं असं उघड मांडायला धैर्य लागतं. मला ते फार मोलाचं वाटतं. त्याच्याच नावावरून स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांटा’ म्हणतात.