तार कुणाच्या हद्दीत?

ई-पीक पाहणीचा फोटो शेतात काढायचा आणि घरी वायफाय नाही म्हणून चढवायला डोंबिवलीच्या बाजूला जायचं, हे आमच्याकडे नेहमीचंच. अंतर फार नाही. अडतं ते हद्दीवर, आणि हे आजचं नाही.

१९८६ ला एमटीएनएल आली. तिची हद्द मुंबई, पुढे नवी मुंबई, ठाणे. ठाण्याला ०२२, कल्याण-डोंबिवलीला ०२५१ आणि खातंही वेगळं, ते नंतर बीएसएनएल झालं. लोकलने अर्धा तास, पण फोनला परगाव! २००५ मध्ये दोघींनी ब्रॉडबँड सुरू केलं. तेव्हा २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणायचे. तेही तांब्याच्या तारेवर. एक्स्चेंजपासून लांब गेलं की वेग कमी, पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी मिळतं तसं.

फायबरचं तसं नाही. २०११ मध्ये केंद्राने गावोगाव फायबर न्यायचं ठरवलं, तेच आजचं भारतनेट. पण पत्ता ग्रामपंचायतीचा. आमच्याकडची २७ गावं १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, १ जून २०१५ ला परत आत. ग्रामपंचायतच उरली नाही, तर फायबर उतरणार कुठे? शहरात पालिका रस्ता खोदायची परवानगी देते, खोदाईचे पैसे घेते. केबल टाकतात कंपन्या, आणि जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे आधी.

आमच्या आळीत गेल्या वर्षी खोदाई झाली. तार समोरच्या नव्या सोसायटीत गेली. चर आम्हीच बुजवला.