पिकअपची निवड आणि संगीतशैली : एका कार्यकारणभावाची तपासणी

विद्युत्-गिटारच्या वादकांत व विक्रेत्यांत एक नियम रूढ आहे. कंट्री संगीताला एका वेटोळ्याचा पिकअप, जॅझला व दणदणीत रॉकला दोन वेटोळ्यांचा, असा तो नियम. शैलीच्या गरजा आधी निश्चित झाल्या व त्यांना अनुरूप साधने मागाहून घडविण्यात आली, हे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहास मात्र या क्रमाला फारसा दुजोरा देत नाही.

पिकअपचा जन्म एका व्यावहारिक अडचणीतून झाला. अमेरिकन वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. जॉर्ज बीचम व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये विक्रीस आणलेले वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे, हवाईयन पद्धतीचे होते. नालाकृती चुंबकांच्या क्षेत्रात पोलादी तार कंप पावली की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये सिद्ध केलेलेच हे तत्त्व. उद्देश एवढाच, की आवाज मोठा व्हावा. ध्वनीच्या गुणाचा प्रश्न अद्याप पुढे आलेला नव्हता.

तो पुढे आला चार्ली ख्रिश्चनमुळे. गिब्सन कंपनीच्या १९३६ च्या ‘ईएस-१५०’ या गिटारवर एकच पिकअप होता, आणि तो मानेच्या बाजूस बसविलेला होता. त्या ठिकाणी तारेचा मूलस्वर प्रबळ असतो. घोडीजवळ उपस्वरांचे प्रमाण वाढते व आवाज टोकदार होतो. ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वृंदात आला आणि सॅक्सोफोनप्रमाणे गिटारवर एकेका स्वराची सलग स्वरावली वाजवू लागला. १९४२ मध्ये तो निवर्तला. परंतु त्याचा भरीव, गोलसर आवाज हाच पुढे जॅझ गिटारचा आदर्श ठरला. त्या आदर्शात वादकाच्या बोटांचा वाटा किती आणि पिकअपच्या जागेचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. तथापि जागा ख्रिश्चनने निवडलेली नव्हती, कारखान्याने ठरविलेली होती, एवढे निर्विवाद आहे.

एका वेटोळ्याच्या पिकअपात एक जन्मजात दोष असतो. आसपासच्या विद्युत्-यंत्रणेचे स्पंदनही तो टिपतो व ध्वनिवर्धकातून अखंड भुणभुण ऐकू येते. गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने यावर उपाय योजला. उलट ध्रुवांचे दोन चुंबकीय भाग आणि परस्परविरुद्ध जोडलेली दोन वेटोळी शेजारी ठेवली असता तारेचा ध्वनी द्विगुणित होतो व भुणभुण एकमेकींस छेदते. एकस्वासाठी १९५५ मध्ये अर्ज झाला, १९५७ पासून हे पिकअप गिटारवर दिसू लागले, १९५९ मध्ये एकस्व मिळाले. ‘हमबकर’ या नावाचा अर्थच भुणभुणीला विरोध करणारा असा आहे. त्यात कोणत्याही शैलीचा निर्देश नाही. याच सुमारास रे बट्स याने ग्रेच कंपनीसाठी तशीच रचना सिद्ध केली, आणि तिची निकड ज्याला भासली तो चेट अ‍ॅटकिन्स कंट्री संगीताचाच अग्रणी होता. उपरोक्त नियमाला हा अपवाद काही किरकोळ म्हणता येणार नाही.

दोन वेटोळी तारेच्या दोन ठिकाणांवरून कंप टिपतात. त्यामुळे काही उच्च उपस्वर क्षीण होतात आणि निर्गत विद्युत्दाब वाढतो. लव्हरच्या दृष्टीने हे आनुषंगिक होते. साध्य होती ती स्वच्छता. परंतु १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या वृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करताना गिब्सनची ‘लेस पॉल’ गिटार मार्शल ध्वनिवर्धकाला जोडून आवाज पुरता चढविला, तेव्हा त्या वाढीव दाबाने ध्वनिवर्धकाच्या नलिका विकृत ध्वनी देऊ लागल्या, आणि तोच जाड, लांबणारा स्वर रॉकचा स्वर मानला गेला. स्वच्छतेसाठी योजलेले साधन विकृतीचे वाहन बनले. भाषेतही गौण ध्वनिभेद कालांतराने अर्थभेदक होतात. त्यांचा आरंभ कोणी हेतुपूर्वक करीत नाही.

हेतुपूर्वक केलेल्या योजनेचे काय होते, हे लिओ फेंडरच्या ‘जॅझमास्टर’वरून दिसते. १९५८ च्या या गिटारवर रुंद, चपटी, एका वेटोळ्याची पिकअपे होती. नावातच जॅझ असूनही जॅझवादकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. कॅलिफोर्नियातील किनाऱ्यावरच्या सर्फ संगीताने मात्र १९६० नंतर ती आपलीशी केली.

फेंडरच्याच १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’वर तीन पिकअपे होती व निवडीसाठी तीन स्थानांचा खटका. दोन स्थानांच्या मध्ये तो अर्धवट अडकविल्यास दोन पिकअपांचा मिळून एक पोकळ, किणकिणता ध्वनी निघतो, हे वादकांना सापडले. खटका मधेच स्थिर राहत नसे, तरी ते तो तसा तोलून धरीत. कारखान्याने पाच स्थानांचा खटका बसविला तो १९७७ मध्ये.